एक्सेटरचे हलवलेले घर : पार्श्वभूमी

इंग्लंडमधल्या एक्सेटर शहरात वेस्ट स्ट्रीटच्या तळाशी, सेंट मेरी स्टेप्स चर्चजवळ, तळमजला धरून तीन मजल्यांचे एक लाकडी घर उभे आहे. ते मुळात तिथले नाही. साधारण पाचशे वर्षांपूर्वी ते एक्स नदीकडच्या एडमंड स्ट्रीट आणि फ्रॉग स्ट्रीटच्या कोपऱ्यावर बांधले गेले. कोपऱ्यावरचे, म्हणून दोन्ही रस्त्यांच्या बाजूंनी वरचा मजला खालच्याहून पुढे आलेला. सांगाडा ओकचा, मधल्या भागांत कूड आणि गिलावा. अशा कामात एका लाकडाच्या खाचेत दुसऱ्याची कूस, म्हणजे कातलेले टोक, बसवून लाकडी खुंट्या ठोकतात. सगळे वजन सांगाड्यावर, भिंत फक्त आडोसा.

मे १९४२ च्या जर्मन बॉम्बहल्ल्यात शहराचा जुना गाभा जळाला. जे थोडे उरले त्याचे मोल तेव्हापासून वाढले. आणि तरीही १९६१ मध्ये नव्या रुंद रस्त्याच्या आखणीत नेमके हे घर आडवे आले.

पाडायचे की ठेवायचे, या वादातून तिसराच मार्ग निघाला: घर जसेच्या तसे उचलून न्यायचे. सांगाडे पूर्वी सुतारांच्या अंगणातच जुळवून पाहत, लाकडांवर खुणा करत आणि मग सुटे करून जागेवर उभारत. म्हणजे सुटे करणे या बांधकामाच्या स्वभावातच होते. पण शतकांनंतर वाळून वाकलेली कूस खाचेतून काढली तर ती पुन्हा तशीच बसेल याची खात्री नसते, आणि कूड तर जातोच. म्हणून डिसेंबर १९६१ मध्ये सुमारे २१ टनांचे हे घर बाहेरून-आतून टेकू देऊन जखडले, चाकांवर चढवले आणि रुळांवरून चढावर सुमारे ७० मीटर ओढत नेले. बघायला गर्दी लोटली.

तेव्हापासून या घराबद्दल ‘वाचवले’ हा शब्द रूढ झाला. मला तो अर्धाच खरा वाटतो. लाकूड वाचले, सांधे वाचले, आणि ते काम खरोखर अचाट होते. पण पुढे आलेले ते मजले ज्या दोन रस्त्यांकडे पाहत होते, ते रस्ते गेले. कोपऱ्यासाठी घडवलेले घर कोपऱ्यावरून काढले, ही किंमत त्या शब्दात कुठेच दिसत नाही.

याच दोन रस्त्यांखाली मध्ययुगीन पुलाच्या कमानी गाडलेल्या होत्या. १९७० च्या आसपास खोदकामात त्या उघड्या झाल्या. दगडी पूल हलवता येण्यासारखा नव्हता. आज तो वाहनांच्या वर्तुळात, मूळ जागीच आहे. त्याच्या तोंडाशी पूर्वी असलेले घर मात्र चढावर.