क्राक दे शव्हालिए

क्राक दे शव्हालिए हा ख्रिस्ती आणि मुस्लिम सत्तांमधील मध्ययुगीन धर्मयुद्धांच्या (क्रूसेड्स) काळातील किल्ला पश्चिम सीरियातील होम्स प्रांतात, सुमारे ६५० मीटर उंचीच्या डोंगरसोंडेवर उभा असून अरबीत त्यास कलात अल-हुस्न म्हणतात. होम्सकडून भूमध्य समुद्राच्या किनाऱ्याकडे जाणारी डोंगरांमधील खिंड त्याच्या टप्प्यात येते आणि त्याचे सारे महत्त्व या खिंडीमुळेच होते.

होम्सच्या अमीराने १०३१ मध्ये येथे कुर्द शिबंदी ठेवली. ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांचा सरदार टँक्रेड याने १११० मध्ये ही जागा जिंकली, तर त्रिपोलीचा (आजच्या लेबनॉनमधील) काउंट म्हणजे सरदार दुसरा रेमंड याने ११४२ मध्ये ती हॉस्पिटलर या लष्करी धर्मसंघाच्या हवाली केली. ११७० च्या भूकंपानंतर संघाने बांधकाम जवळजवळ नव्याने केले आणि तेराव्या शतकात बालेकिल्ल्याभोवती बुरुजांचा दुसरा तट उभारला. ११८८ मध्ये मुस्लिम सुलतान सलादिन येथवर आला, पण किल्ला न घेताच पुढे गेला.

ऐन भरभराटीत येथे सुमारे २,००० माणसे राहू शकत. पुढे मात्र माणसे आणि पैसा दोन्ही आटत गेले, आणि एवढा विस्तीर्ण तट लढविण्यास पुरेसे हात उरले नाहीत. किल्ल्याच्या पाडावाचे खरे कारण हेच मानावे लागते. १२७१ मध्ये इजिप्तचा मामलूक सुलतान बायबर्सने वेढा घालून बाहेरचा तट भेदला. बालेकिल्ल्यात कोंडलेल्या शिबंदीस वरिष्ठांच्या नावाचे, बहुधा बनावट, शरणागतीचे पत्र पोहोचले आणि एप्रिलमध्ये तिने किल्ला सोडला. विजेत्यांनी तटाची डागडुजी केली व प्रार्थनामंदिराची मशीद केली.

नंतर तटाच्या आत गाव वसले. फ्रेंच अमलात, १९३०च्या दशकात, ते हलवून जतनकार्य हाती घेण्यात आले. २००६ मध्ये किल्ल्याचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसायादीत झाला. सीरियातील यादवी युद्धात गोळाफेक व हवाई हल्ल्यांनी वास्तूची हानी झाली, २०१३ मध्ये ती संकटग्रस्त वारशात गणली गेली आणि मार्च २०१४ मध्ये सरकारी फौजांनी ती ताब्यात घेतली.

आज पायथ्याच्या अल-हुस्न गावातून वर जाता येते. या वास्तूतील रचनाकौशल्य सर्वाधिक जाणवते ते पूर्वेकडील प्रवेशमार्गात: छताखालून चढत जाणारी ही वाट मध्येच तीव्र वळण घेते, त्यामुळे हल्लेखोराचा वेग मोडत असे. दक्षिणेस दोन तटांमधील पाण्याचा खंदक आणि त्यामागील प्रचंड उतरती भिंत दिसते. आतल्या चौकात दिवाणखान्यासमोरील गॉथिक ओवरी असून तिच्यावर गर्वाविषयी सावध करणारा लॅटिन लेख कोरलेला आहे. अंधाऱ्या दालनांसाठी विजेरी जवळ असावी, आणि निघण्यापूर्वी सीरियाविषयीच्या ताज्या प्रवाससूचना पाहणे आवश्यक आहे.