लाइंग

फिलिपिन्समधील बिकोल प्रदेशाची नारळाच्या दुधात शिजवलेली अळूच्या वाळक्या पानांची तिखट भाजी. बिकोल म्हणजे लुझॉन बेटाचे आग्नेय टोक आणि त्यालगतची बेटे. नारळ आणि मिरची यांची सढळ जोड ही इथल्या स्वयंपाकाची ओळख. ‘गाता’ म्हणजे नारळाचे दूध, ‘गाबी’ म्हणजे अळू आणि ‘सिलिंग लाबुयो’ म्हणजे बोटाच्या पेराएवढी, जहाल तिखट मिरची. या तिन्हींवाचून लाइंग होत नाही.

हे अळू आपल्या ओळखीचेच आहे, खाजेसकट. पानांत आणि देठांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पान कच्चे राहिले तर ते जिभेला व घशाला टोचतात. महाराष्ट्रात अळूच्या फदफद्यात चिंच किंवा ताक घालतात. बिकोलमध्ये सहसा आंबट घालत नाहीत. तिथे भिस्त असते ती पाने नीट वाळवण्यावर आणि मंद आचेवर दीर्घकाळ शिजवण्यावर. वाळवण्याचा दुसरा फायदा चवीचा. ताज्या पानाचा लगदा होतो, तर वाळलेले पान दूध शोषून घेते आणि तरीही तुकड्यांत राहते.

पाने चिरून किंवा फाडून हवेशीर जागी पसरतात. हातात चुरली की कुरकुरली पाहिजेत. दमट राहिली तर बुरशी धरतात. वाळलेली पाने शिजवण्यापूर्वी धुवू नयेत, असे बिकोलमधल्या बायका बजावतात, म्हणून निवडणे आणि स्वच्छ करणे आधीच उरकावे.

चार-पाच जणांसाठी 100 ग्रॅम वाळलेली पाने, दोन नारळ, 200 ग्रॅम चरबीयुक्त डुकराचे मांस, एक कांदा, सहा लसूण पाकळ्या, बोटभर आले, गवती चहाच्या दोन ठेचलेल्या काड्या, दोन मोठे चमचे ‘बागूंग’ (खारवून आंबवलेल्या कोळंबीचा गोळा) आणि सहा ते दहा मिरच्या लागतात. मांसाऐवजी सुकी किंवा धुरावलेली मासळी, नाहीतर कोळंबीही चालते. खवलेल्या खोबऱ्याला जेमतेम कोमट पाणी लावून पहिले घट्ट दूध पिळावे. ते साधारण एक कप भरते व वेगळे ठेवावे. त्याच चोथ्यात पाणी घालून चार कप पातळ दूध काढावे.

जाड बुडाच्या पातेल्यात मांस, कांदा, लसूण, आले, गवती चहा आणि बागूंग पातळ दुधात घालून उकळी आणावी. मग पाने वर पसरावीत आणि पळीच्या पाठीने हलकेच दाबून दुधाखाली न्यावीत. ढवळू नये. ढवळले की खाज सुटते, हा घरोघरचा पक्का नियम. आच मंद ठेवून निदान अर्धा तास झाकून शिजवावे. पान पूर्ण मऊ झाल्यावरच ते वरखाली करावे, घट्ट दूध व मिरच्या घालाव्यात आणि झाकण काढून आणखी 15 ते 20 मिनिटे आटवावे.

पहिल्या तीस मिनिटांत भाजी बुडाला लागण्याची भीती सर्वांत जास्त, कारण पाने दूध भराभर पितात आणि आपण ढवळत नसतो. पातेले कोरडे वाटले तर कडेने गरम पातळ दूध सोडावे. घट्ट दूध सुरुवातीलाच ओतले तर ते लवकर फुटून रवाळ होते आणि पान शिजण्याआधीच आटते. मीठ शेवटी, चाखूनच. बागूंग मुळात खारट असते. घशात किंचितही टोचले तर भाजी झालेली नाही, अजून दूध घालून शिजवत राहावे.

तयार लाइंग काळपट हिरवे दिसते. पळी ओढली की बुडाशी वाट पडते, ती लगेच भरून येत नाही आणि कडेला खोबऱ्याचे स्वच्छ तेल सुटलेले असते. हे तेल दोष नव्हे, तीच पक्व झाल्याची खूण. गरम पांढऱ्या भातासोबत हे खातात. दुसऱ्या दिवशी चव अधिक मुरते.

याच कुळातला ‘पिनांगात’ आल्बाय प्रांतातील कामालिग गावाचा खास पदार्थ आहे. त्यात सारण अळूच्या पानांत गुंडाळून, माडाच्या पातीने पुडी बांधून नारळाच्या दुधात शिजवतात. खुद्द बिकोलमध्ये पुष्कळ ठिकाणी लाइंगलाही पिनांगातच म्हणतात, त्यामुळे नावावरून गोंधळ होतो. पुडी बांधलेली आहे की पाने मोकळी आहेत, हे पाहावे.