पाटीच्या मागच्या बाजूला चार रकाने कशासाठी?

आमची पाटी घेतल्याबद्दल आभार. पुढची बाजू कोरी आहे, तिथे काय काढायचं ते मुलं बघतील. मागे आखलेले रकाने कशाला, असं दुकानात बरेच जण विचारतात. ते ताळ्याच्या खुणांसाठी, म्हणजे मोजताना मारायच्या रेघांसाठी आहेत. पुढचं मुलांना शेजारी बसवून वाचून दाखवा.

गॅलरीत किंवा ओट्यावर उभे राहा. रस्त्यावरून किती रिक्षा गेल्या, किती दुचाकी, किती बस, किती सायकली? बोटांवर मोजायला गेलात तर एका हातावर रिक्षा, दुसऱ्या हातावर दुचाकी, आणि बससाठी बोटच उरत नाही. त्यात आईने हाक मारली की आकडा गेलाच! म्हणून पाटी घ्या आणि प्रत्येक रकान्यावर एकेक नाव लिहा. रिक्षा गेली, मारा एक उभी रेघ. दुसरी गेली, तिच्या शेजारी दुसरी. अशा चार झाल्या, | | | |, की पाचवी रेघ तिरकी, चारही रेघा कापत जाणारी. झाला पाचाचा गठ्ठा. सहावी रिक्षा आली की जरा जागा सोडून नवी उभी रेघ.

इथे मुलं हमखास फसतात. पाच उभ्या रेघा मारतात आणि वरून तिरकी ओढतात. मग गठ्ठ्यात सहा रिक्षा होतात! तिरकी रेघ म्हणजे गठ्ठा बांधायची दोरी नव्हे, तीच पाचवी रिक्षा.

शेवटी पाचाचा पाढा म्हणत जायचं: पाच, दहा, पंधरा, वर सुट्या दोन, म्हणजे १७. मोजणी चालू असताना आकडे लिहू नका. दर रिक्षेला जुना आकडा पुसून नवा लिहीपर्यंत पुढची निघून जाते. रेघ पुसावी लागत नाही.

गठ्ठा पाचाचाच का? ओळीने सात रेघा मारा आणि मुलाला क्षणभरच दाखवा. गोंधळेल. तीन दाखवल्या तर लगेच सांगेल. साधारण चारपर्यंत डोळ्याला न मोजता कळतं, पुढे मोजावंच लागतं. म्हणून पाचवी रेघ वेगळी मारायची. ब्राझीलमध्ये चौकोनाच्या चार बाजू काढून पाचवी रेघ कर्णाची मारतात. चीन-जपानात पाच रेघांचं एक अक्षर आहे, ते एकेक रेघ करत पुरं करतात.

खुणा करून मोजायची रीत फार जुनी. आफ्रिकेत काँगोमधल्या ईशांगो इथे १९५० साली खाचा पाडलेलं एक हाड सापडलं, ते सुमारे २० हजार वर्षांपूर्वीचं मानतात. इंग्लंडच्या सरकारी खजिन्यात तर शेकडो वर्षं लाकडी काठ्यांवर खाचा पाडून हिशेब ठेवत. काठी उभी चिरायची, एक अर्धी देणाऱ्याकडे, एक घेणाऱ्याकडे. कुणी गुपचूप खाच वाढवली तर दोन्ही भाग जुळणारच नाहीत. पुढे १८३४ साली त्या जुन्या काठ्या भट्टीत जाळायला घेतल्या आणि आगीत संसदेची बहुतेक इमारत गेली! (ही गोष्ट मुलं दोनदा ऐकतात.)

पाटी ओल्या फडक्याने पुसा, पाण्यात बुडवून ठेवू नका, लाकूड फुगतं. पाटीवरची पेन्सिल खायची नसते, हे मात्र घरीच सांगावं लागेल. चौकट सैल झाली तर पाटी दुकानात आणा, खिळे ठोकून देऊ. त्याचे पैसे घेत नाही.