इन्सुलिन सुरू झालं, मग गोळ्या कशाला?

रात्री अर्धी भाकरी आणि वाटीभर मुगाचं वरण, त्यानंतर काही नाही. तरी सकाळी उपाशीपोटी साखर १९०. ग्लुकोमीटरचा आकडा बघून आई दरवेळी विचारायची, "खाल्लं नाही, तर आली कुठून?"

आली यकृतातून. आपण झोपलो तरी मेंदूला ग्लुकोज लागतं आणि यकृत ते रात्रभर थोडं थोडं रक्तात सोडत राहतं. निरोगी माणसाचं स्वादुपिंड चोवीस तास जरासं इन्सुलिन पाझरवून यकृताला आवर घालतं. टाइप २ मधुमेहात हा आवर सुटतो. लाँग-अ‍ॅक्टिंग इन्सुलिन, म्हणजे एका टोचणीत दिवसभर पुरणारं, तो पुन्हा घालतं. म्हणून त्याचा डोस उपाशीपोटीच्या साखरेवरून ठरतो. दुपारच्या पुरणपोळीचा हिशोब त्याच्याकडे नसतो.

एक टोचणी दिवसभर पुरते कशी, हे मला फार सुंदर वाटतं. ग्लार्जिन हे असंच एक इन्सुलिन. त्याचं द्रावण आम्लधर्मी असतं, पीएच (आम्लतेचं माप) साधारण ४. बाटलीत ते पाण्यासारखं नितळ दिसतं. कातडीखाली पीएच ७.४. तिथे पोचताच ते विरघळलेलं राहू शकत नाही, त्याचा बारीक साका बसतो. मग हा साका हळूहळू विरघळत साधारण चोवीस तास इन्सुलिन रक्तात सोडतो. म्हणूनच ग्लार्जिन दुसऱ्या इन्सुलिनबरोबर एकाच सिरिंजमध्ये मिसळायचं नाही. डेग्लुडेक या दुसऱ्या दीर्घकाळ टिकणाऱ्या इन्सुलिनची रीत वेगळी: त्याचे रेणू कातडीखाली एकमेकांना जोडून लांब साखळ्या करतात आणि टोकाकडून एकेक सुटत जातात. त्याचा असर ४२ तासांहून जास्त टिकतो. त्याआधीचं, १९४६ सालापासूनचं दुधाळ एनपीएच इन्सुलिन टोचल्यावर काही तासांनी जोर धरायचं. रात्री घेतलं, तर पहाटे साखर घसरून, घाम फुटून जाग येण्याची भीती असे. २००० साली बाजारात आलेल्या ग्लार्जिनने ती बरीच कमी केली.

आता गोळ्या. मेटफॉर्मिनही यकृताचंच ग्लुकोज कमी करतं, पण वेगळ्या वाटेने. त्यामुळे इन्सुलिनची युनिट्स कमी लागतात आणि वजनही कमी वाढतं. ग्लिप्टिन गटातली गोळी जेवणानंतर, साखर वाढली की जागी होते आणि स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. एम्पाग्लिफ्लोझिन किंवा डापाग्लिफ्लोझिन जादा साखर लघवीवाटे बाहेर काढतं. ही गोळी चालू असताना उलट्या झाल्या, जेवण गेलं नाही म्हणून इन्सुलिन मनानेच बंद करू नका. साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात किटोन (चरबी जळताना बनणारी आम्लं) साठून जिवावर बेतू शकतं. पायोग्लिटाझोनची गोळी आणि इन्सुलिन एकत्र असताना पायांवर सूज आली, तर लगेच डॉक्टरांना सांगा.

सगळ्यात जपायचं ते ग्लिमेपिराइडला. रक्तातली साखर कमी असली तरी ही गोळी स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेतेच. बाहेरून इन्सुलिन सुरू झाल्यावर डॉक्टर बहुतेकदा तिचा डोस कमी करतात किंवा ती थांबवतात. एकादशी, रोजे, गौरीचा उपास, काहीही असो, आधी डॉक्टरांना विचारून घ्या. हातपाय थरथरले, घाम आला आणि साखर ७० च्या खाली गेली, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदीच्या मिळतात: एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट्स आणि १०० युनिट्स. सिरिंजही दोन, ४० ची लाल टोपणाची, १०० ची केशरी. १०० च्या बाटलीतून ४० च्या सिरिंजने '१०' च्या रेघेपर्यंत ओढलं, की अंगात २५ युनिट्स जातात, म्हणजे अडीचपट. आईच्या औषधांच्या डब्यात दोन्ही सिरिंजा एकत्र पडलेल्या मी पाहिल्या, तेव्हा पोटात गोळा आला. दुकानातून निघण्याआधीच बाटली आणि सिरिंज शेजारी ठेवून दोन्हींवरचा आकडा जुळवून बघा.