व्हॅल्को: क्युपर्टिनोतल्या वादामागची गोष्ट

कॅलिफोर्नियातल्या क्युपर्टिनो शहरात व्हॅल्कोचा, म्हणजे जुन्या मॉलच्या जागेवरच्या प्रकल्पाचा, विषय निघाला की लोक थेट २०१८पासून बोलायला लागतात. त्याआधीचं थोडक्यात असं. फळबागांचं हे गाव १९५५मध्ये शहर झालं. १९६०च्या दशकात काही जमीनमालकांनी आपल्या नावांची आद्याक्षरं जोडून उद्योगवसाहतीला ‘व्हॅल्को’ हे नाव दिलं आणि १९७६मध्ये तिथे मॉल उघडला. २०१५-१६मध्ये मोठी दुकानं एकामागून एक बंद झाली. तोवर एका विकासकाने जागा घेतली होती आणि घरं, कार्यालयं, छतावर तीस एकरांची बाग असा आराखडा मांडला होता.

नोव्हेंबर २०१६मध्ये मतपत्रिकेवर दोन प्रस्ताव होते, एक विकासकाच्या बाजूचा आणि दुसरा त्याला वेसण घालणारा. मतदारांनी दोन्ही नाकारले. ‘लोकांनी व्हॅल्कोला नकार दिला’ असं आजही सांगितलं जातं, पण ते अर्धंच खरं आहे. नेमकं काय हवंय, हे त्या मतदानातून कुणालाच कळलं नाही.

पुढच्या वर्षी राज्याने ‘एसबी ३५’ हा कायदा केला आणि सगळा घोळ त्यातल्या एका शब्दावर येऊन अडला. राज्याने ठरवून दिलेल्या उद्दिष्टाइतकी घरं ज्या शहरांत बांधली जात नाहीत, तिथे अटी पाळणाऱ्या प्रकल्पाला ‘मिनिस्टिरियल’ मंजुरी द्यायची. आपल्याकडच्या वाचकाला यावरून मंत्री आणि मंत्रालय आठवेल, पण अर्थ जवळजवळ उलटा आहे. इथे कुणाचीच मर्जी चालत नाही. कर्मचाऱ्याने लिखित निकषांची यादी घ्यायची, प्रकल्प त्यात बसतो का ते तपासायचं आणि बसत असेल तर शिक्का मारायचा. ‘आमच्या भागाला हे शोभत नाही’ हे कारण त्यात नाही. पर्यावरण आढावाही नाही, आणि शेजाऱ्यांचं हुकमी हत्यार तर तेच असायचं. मोठ्या प्रकल्पालासुद्धा सहा महिन्यांत उत्तर द्यायचं.

मार्च २०१८मध्ये विकासकाने याच वाटेने अर्ज केला. त्यात २,४०२ घरं होती आणि त्यांतली निम्मी परवडणारी. सोबत सुमारे अठरा लाख चौरस फूट कार्यालयं होती, आणि विरोधकांची खरी चीड त्या कार्यालयांवरच होती. बांधकामाचं किमान दोन-तृतीयांश क्षेत्रफळ निवासी हवं, ही कायद्यातली अट. मग क्षेत्रफळ मोजताना काय धरायचं आणि काय वगळायचं, यावर दोन्ही बाजूंनी पानंच्या पानं खर्च केली. सप्टेंबरमध्ये शहराच्या प्रशासनाने मंजुरी दिली. नगर परिषदेवर निवडून आलेल्या सदस्यांच्या मताचा प्रश्नच नव्हता. त्यांनी त्याच महिन्यात वेगळा, वाटाघाटींतून आलेला आराखडा संमत केला, पण विरोधकांनी त्यावर सार्वमताच्या मागणीसाठी सह्या गोळा केल्या आणि २०१९मध्ये तो मागे घेतला गेला. म्हणजे ज्यात शहराला बोलता आलं असतं तो पर्याय शहरवासीयांनीच मोडला, आणि ज्यात बोलायला जागा नव्हती तो टिकला. हे कुणी मोठ्याने बोलत नाही.

एका नागरिक गटाने मंजुरीला न्यायालयात आव्हान दिलं. मे २०२०मध्ये निकाल मंजुरीच्या बाजूने लागला.

बाजू घेताना एक आकडा मात्र विसरू नये. २०२३ ते २०३१ या काळासाठी क्युपर्टिनोच्या वाट्याला ४,५८८ घरांचं उद्दिष्ट आलं. आधीच्या आठ वर्षांचं उद्दिष्ट १,०६४ होतं. जवळच ॲपलचं बारा हजार कर्मचाऱ्यांचं मुख्यालय २०१७मध्ये सुरू झालं, तेव्हा घरांचा प्रश्न इतक्या जोरात कुणी विचारला नव्हता.

व्हॅल्कोचा आराखडा पुढेही बदलत राहिला. २०२४मध्ये मंजूर झालेल्या सुधारित रूपात २,६६९ घरं आहेत, म्हणजे आधीपेक्षा जास्त. परवडणारी त्यांत ८९०. निम्म्याचं एक-तृतीयांश झालं, आणि तेही तशाच मंजुरीने.