उन्हाळाभर उभी राहिलेली मोटारसायकल

कित्येक महिने उभी असलेली मोटारसायकल चार-पाच किकांत सुरू झाली नाही, तर आणखी किका मारू नका, इंजिनात ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग खोला. तो पेट्रोलने ओला असेल, तर इंधन पोचतंय, ठिणगीवर संशय घ्या. कोरडा असेल, तर पेट्रोलच वाटेत अडलंय.

नागपुरात बहुतेक वेळा ते अडलेलंच असतं, आणि याचं कारण उन्हाळ्यात आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, पत्र्याच्या शेडखाली त्याहूनही वर. दर १० अंशांना रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे, म्हणून पेट्रोलही उन्हात लवकर बिघडतं. पेट्रोल अनेक हायड्रोकार्बनांचं मिश्रण आहे. त्यातले हलके घटक ३५ अंशांच्या आसपासच उकळू लागतात, जड घटकांना २०० अंशांपर्यंत उष्णता लागते. थंड इंजिन सुरू होतं ते हलक्या घटकांच्या वाफेवर, आणि नेमके तेच आधी उडून जातात. मागे उरलेल्यांपैकी काही हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून चिकट राळ बनतात.

ही राळ सर्वात आधी कार्ब्युरेटरच्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या, वाटीत साचते, कारण तिथे पेट्रोल थोडं आणि हवेचा संपर्क जास्त. त्यातल्या पायलट जेटचं, म्हणजे गाडी सुरू होताना आणि मंद चालताना पेट्रोल देणाऱ्या नळीचं, छिद्र अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक, ते लगेच चोंदतं. चोक (हवा कमी करून मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढवणारा खटका) ओढल्यावर चालणारी आणि सोडल्यावर बंद पडणारी गाडी हेच सांगत असते. जेटमध्ये तार घालण्याचा मोह मात्र आवरा. पितळ मऊ असतं, छिद्र मोठं झालं की गाडी कायमची जास्त पेट्रोल पिणार. कार्ब क्लीनरचा फवारा आणि हवेचा दाब पुरतो.

आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते थोडा दमटपणा सामावून घेतं. पण टाकीच्या झाकणाच्या जुन्या रबरातून पावसाचं पाणी शिरलं, तर इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर तळाशी बसतं, आणि टाकीखालच्या कॉकमधून (पेट्रोलच्या तोटीतून) आधी तोच थर येतो. काचेच्या बाटलीत थोडं पेट्रोल काढून ठेवा, दोन थर दिसले तर टाकी रिकामी करावीच लागेल.

प्लग ओला निघाला तर तो पुसून, वायरीच्या टोपीत बसवून त्याचा धातू इंजिनला टेकवा आणि किक मारा. त्याआधी प्लगच्या भोकावर फडकं ठेवा, सांडलेलं पेट्रोल पुसा, नाहीतर भडका उडेल. निळी, कडक ठिणगी हवी. पिवळट, मरतुकडी दिसली तर आधी नवा प्लग, मग प्लगला उच्च दाबाची वीज देणारी कॉइल आणि उंदरांनी कुरतडलेल्या वायरी तपासा. बॅटरीही उन्हात लवकर उतरते. पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (प्रदूषणाचे नवे निकष पाळणाऱ्या) गाड्यांत बहुधा कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शन, म्हणजे पंपाने पेट्रोल फवारणारी यंत्रणा, असतं. चावी फिरवल्यावर टाकीतून पंपाची घूंऽऽ ऐकू आली नाही, तर किकवर जोर काढू नका, आधी बॅटरी आणि फ्यूज बघा.

गाडी पुन्हा उभी करायची असेल, तर टाकी काठोकाठ भरा, म्हणजे आत गंज धरणार नाही. कार्ब्युरेटरची गाडी असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवा, वाटी कोरडी होते. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा.