स्लाइड की निगेटिव: रोल घेण्याआधी लॅब शोधा

एक्टार १०० आणि एक्टाक्रोम ई१००. कॅमेऱ्यात भरायचे हे दोन्ही रोल कोडॅकचे, दोन्ही १०० आयएसओचे (म्हणजे प्रकाशाला सारखेच संवेदनशील), दोन्हींत ३६ फोटो आणि नावाची सुरुवातही सारखीच. पहिली निगेटिव फिल्म, म्हणजे उलट्या रंगांची, जिच्यावरून प्रिंट काढतात. दुसरी स्लाइड, म्हणजे पट्टीवरच सरळ रंगीत चित्र. माझा एक्टाक्रोमचा एक रोल धुवायला टाकला तेव्हा काउंटरवरच्या माणसाने ‘एक्टा’ एवढंच वाचलं असणार, कारण रोल परत आला तो निगेटिव म्हणून धुतलेला. पट्टीवर निगेटिवचा नेहमीचा नारिंगी रंग नाही, स्कॅनमध्ये आकाश हिरवट आणि सावल्यांत नुसता काळोख. काही लोक मुद्दाम असं करून घेतात, त्याला क्रॉस प्रोसेस म्हणतात. मला ते नको होतं. पण अर्धी चूक माझीच, रोल देताना मी चकार शब्द बोललो नव्हतो.

नाव ‘क्रोम’ने संपलं की बहुधा स्लाइड आणि ‘कलर’ने संपलं की निगेटिव, ही जुनी खूण आहे. फुजीक्रोम आणि फुजीकलर ही जोडी त्यातलीच. पण तिच्यावर विसंबू नये. १९३६ सालची आग्फाकलर स्लाइड फिल्मच होती. नळकांड्यावर प्रोसेसचं नाव छापलेलं असतं, ते वाचावं. ‘ई-६’ म्हणजे स्लाइड, ‘सी-४१’ म्हणजे निगेटिव.

नीट धुऊन आलेल्या पट्ट्या खिडकीशी धरल्या तर मात्र सहसा चूक होत नाही. रंगीत निगेटिवच्या भोकांची कडा नारिंगी दिसते आणि चित्र उलटं, म्हणजे पांढरा शर्ट काळा. स्लाइडची कडा गडद काळी आणि चित्र सरळ, झाड हिरवं ते हिरवंच. ही काळी कडा नीट बघायची सवय लावून घ्या. ती तपकिरी किंवा पातळ दिसली तर फिल्म शिळी होती किंवा पहिल्याच रसायनात गडबड झाली, असं समजावं.

पहिलं रसायन म्हणतोय कारण स्लाइडचा सगळा खेळ तिथे आहे. निगेटिव ३७.८ अंश सेल्सिअसच्या कलर डेव्हलपरमध्ये (चित्र उमटवणाऱ्या रसायनात) सव्वातीन मिनिटं, मग ब्लीच आणि फिक्सर, की काम झालं. ई-६ मध्ये आधी ३८ अंशांवर साधारण सहा मिनिटं चक्क काळ्या-पांढऱ्याचा डेव्हलपर असतो. जिथे जिथे प्रकाश पडला तिथले फिल्मवरचे कण चांदी होतात. उरलेल्या कणांना पुढच्या रसायनाने ‘तुमच्यावरही प्रकाश पडला’ असं भासवलं जातं आणि रंग त्या उरलेल्या कणांभोवती भरतो. शेवटी चांदी सगळी धुऊन जाते. म्हणजे स्लाइडवर दिसतं ते पहिल्या डेव्हलपरने जे सोडून दिलं त्याचं चित्र. तो अर्धा अंश गरम किंवा थोडा जास्त वेळ झाला तर अख्खा रोल उजळ आणि फिका पडतो.

तशी सी-४१ही काटेकोरच आहे, पण निगेटिव हा मधला टप्पा असतो. प्रिंट किंवा स्कॅन करताना रंग, उजेड सगळं सावरून घेता येतं. दोन स्टॉप जास्त (म्हणजे चौपट) प्रकाश दिलेली निगेटिवसुद्धा निमूट प्रिंट देते. स्लाइड म्हणजे अंतिम चित्रच. तिच्यात पुढे सावरायला जागा नाही, अर्ध्या स्टॉपचा फरक लाइटबॉक्सवर (खालून उजेड देणाऱ्या पेटीवर) डोळ्यांना दिसतो आणि लॅबचा आळसही तसाच दिसतो.

म्हणून निगेटिवचा रोल जिथे मिळेल तिथे घ्या आणि जिथे सोयीचं असेल तिथे धुवा, फारसं बिघडत नाही. मिनिलॅबची, म्हणजे फोटोच्या दुकानातली छोटी धुण्याची यंत्रं सी-४१साठीच बनलेली असतात. स्लाइडच्या बाबतीत मी उलटा क्रम धरतो. लॅब आधी, रोल नंतर.

लॅबला विचारायचं पहिलं: ई-६ इथेच धुता की पुढे पाठवता? पाठवत असतील तर तो गुन्हा नाही, पण मग रोल थेट तिकडेच पाठवलेला बरा. दुसरं: ई-६ किती दिवसांनी चालवता? टाकीतली रसायनं हवेने उतरतात. नियमित रोल येत असतील तर ताजी भर पडत राहते, नाहीतर टाकी नुसती पडून असते. आठवड्यातून एकदाच, सगळे रोल साठवून, ताज्या रसायनात धुणारी छोटी लॅबही मला चालते. ‘येईल तसं करतो’ या उत्तराने मात्र मी सावध होतो. तिसरं: कंट्रोल स्ट्रिप लावता का? आधीच ठरावीक प्रकाश दिलेली ही छोटी पट्टी धुऊन तिची घनता (ती किती गडद झाली ते) मोजली की टाकी ठीक आहे का ते कळतं. चांगली लॅब या प्रश्नाने खूश होते. तरी पहिल्यांदा देताना लग्नाचा किंवा सहलीचा रोल देऊ नका, खिडकीतून काढलेल्या फोटोंचा द्या.

आता खरेदी. खप असलेल्या दुकानातून, थंड ठेवलेला, मुदतीतला रोल घ्यावा, एवढंच. मुदत संपलेली स्वस्त निगेटिव थोडा जास्त प्रकाश देऊन बऱ्यापैकी निभावते. स्लाइडमध्ये शिळेपणाने काळा रंगच पातळ होतो आणि जास्त प्रकाश दिला तर तो आणखी पातळ होतो. त्यामुळे जुन्या वेल्वियाच्या (फुजीच्या स्लाइड फिल्मच्या) मोहात पडू नये. फ्रिजमधला रोल काढल्यावर डबी लगेच उघडू नका, आत दव धरतं.

सिनेमाच्या लांब फिल्ममधून कापून नळकांड्यात सुटा भरलेला रोल ही तिसरीच भानगड. त्यातली निगेटिव ईसीएन-२ या सिनेमासाठीच्या प्रोसेसची असते आणि कित्येक रोलच्या पाठीवर काजळीसारखा काळा थर असतो. तो सी-४१च्या यंत्रात सुटला तर पुढच्या गिऱ्हाइकांचे रोलही खराब होतात.

लॅब आधी, हे मी कोडाक्रोमवरून (कोडॅकच्या जुन्या स्लाइड फिल्मवरून) शिकलो. कोडॅकने २००९ मध्ये ती फिल्म बंद केली. तिची के-१४ प्रोसेस करणारी शेवटची लॅब अमेरिकेत कॅन्ससमधल्या पार्सन्स गावात होती आणि तिने २०१० च्या डिसेंबरअखेर रोल घेणं थांबवलं. आजही कपाटांतून कोडाक्रोमचे न धुतलेले रोल निघतात. ते आता लॅबमध्ये बहुधा काळे-पांढरेच धुऊन मिळतात. ई-६ची तशी गत झालेली नाही. एक्टाक्रोम २०१२ मध्ये बंद पडून २०१८ मध्ये परत आली आणि घरी धुण्यासाठी तीन रसायनांचे किटही मिळतात, फक्त पाणी ३८ अंशांवर धरून ठेवायची चिकाटी हवी.

रोल देताना पट्टी कापायची की नाही, माउंट (स्लाइडच्या चौकटी) हवेत की नकोत, हे चिठ्ठीवर लिहून द्या. मी तर आता प्रत्येक नळकांड्यावर जाड मार्करने ‘ई-६’ लिहितो आणि काउंटरवर तोंडानेही सांगतो.